दुकानात गिऱ्हाईक घसरून पडलं, लागलं... मालकाने त्या क्षणापासून काय काय करायचं

तीन वर्षांपूर्वीची जुलैमधली गोष्ट. आमचं फरसाण-मिठाईचं दुकान आहे, दाराशी दोन पायऱ्या आणि आत चकचकीत फरशी. बाहेर मुसळधार पाऊस, येणाऱ्या प्रत्येकाच्या छत्रीतून पाणी निथळत होतं, आणि आमच्याकडे कायम येणाऱ्या एक काकू, साठीच्या पुढच्या, पायरी चढून आत आल्या आणि दुसऱ्याच पावलाला घसरल्या. हात टेकला गेला आणि मनगट मोडलं. मी मागे गोदामात होतो, गल्ल्यावर माझा धाकटा भाऊ होता, आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते म्हणजे "काकू, बघून चालायचं ना". त्यानंतरचं सगळं आम्ही केलं, रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं, एक्सरेचे आणि प्लास्टरचे पैसे भरले. तरी महिन्याभराने वकिलाची नोटीस आली. मी काकूंच्या घरी गेलो तेव्हा त्यांचा मुलगा पैशांबद्दल एक शब्द बोलला नाही, तो एवढंच म्हणाला, "आई खाली पडलेली असताना तुमच्याकडे तिलाच बोल लावला".

ते प्रकरण पुढे नीट मिटलं, पण त्या निमित्ताने मी कायदा वाचला, ओळखीच्या वकिलांकडे चार-पाच वेळा जाऊन बसलो, इन्शुरन्सवाल्याला गाठलं, डॉक्टरांशी बोललो. तेव्हा जे कळलं ते आधी माहीत असतं तर काकूंना पण त्रास कमी झाला असता आणि आम्हाला पण. दुकान, खानावळ, सलून, जिम, क्लास, मंगल कार्यालय, काहीही चालवत असाल तरी हे लागू आहे. इथे मी किरकोळ दुखापतीबद्दल लिहितोय, म्हणजे मुका मार, मुरगळणं, टाके, भाजणं, फार तर हाड मोडणं.

पहिली दहा मिनिटं

आधी माणूस, मग दुकान. गिऱ्हाईक पडलं की लगेच दोन्ही काखांत हात घालून उभं करायची आपल्याकडे सवय आहे आणि ती चुकीची आहे. पडलेल्या माणसाशी आधी बोला, कुठे दुखतंय विचारा, स्वतःहून हातपाय हलवता येतायत का बघा. म्हातारं माणूस कंबरेवर किंवा कुशीवर पडलं असेल, उठता येत नसेल, एक पाय आखूड दिसत असेल किंवा पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं, अशा वेळी अजिबात उचलू नका, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, अंगावर चादर टाका आणि १०८ ला फोन करा. मान दुखतेय म्हणाले तर पण उचलू नका, १०८ ला फोन करा, मान अजिबात हलवायची नाही.

मनगट किंवा बोट सुजायला लागलं तर सगळ्यात आधी बांगड्या आणि अंगठ्या काढायला सांगा, हे आम्ही त्या दिवशी केलं नाही आणि नंतर दवाखान्यात काकूंची पाटली कापून काढावी लागली, त्यांना ते मनगटापेक्षा जास्त लागलं असेल. सूज असेल तिथे बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, थेट कातडीवर नाही. चोळायचं नाही, बाम लावून रगडायचं तर मुळीच नाही. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड ठेवून हाताने दाब द्या, आणि दाब सलग १० मिनिटं ठेवा, दर मिनिटाला उचलून "थांबलं का" बघत बसलात तर ते थांबणार नाही. काच आत रुतलेली असेल तर ओढून काढू नका, बाजूने दाब द्या आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का ते डॉक्टर ठरवतील, पण विचारायची आठवण तुम्ही करा.

भाजण्याचे प्रकार आमच्या धंद्यात जास्त. चहा सांडला, तेल उडलं, तर लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही, बर्फ पण नाही. आजूबाजूचे चार लोक चार उपाय सांगतात आणि त्या घाईत कोणीतरी पेस्टची ट्यूब घेऊन येतंच, त्यांना शांतपणे थांबवायचं. एखाद्याचा दात पडला तर तो मुळाकडून नाही, वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, दुधात टाका आणि डेंटिस्टकडे अर्ध्या तासात पोचायचा प्रयत्न करा, असा दात परत बसू शकतो.

डोक्याला लागलं असेल तर ते किरकोळ धरू नका, टेंगूळ छोटं दिसलं तरी. उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं, फिट, कान किंवा नाकातून रक्त किंवा पाणी, यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब हॉस्पिटल. वय जास्त असेल किंवा रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर काही लक्षण नसलं तरी तपासून घ्यायला सांगा, म्हणून "कुठल्या गोळ्या चालू आहेत का" हा प्रश्न विचारायचाच. आणि बरोबरच्या माणसाला सांगा की पुढचे २४ तास एकटं सोडू नका.

हे चालू असताना दुसऱ्या कोणालातरी त्या ओल्या जागेवर उभं करा, खुर्ची आडवी ठेवा, नाहीतर मदतीला धावणारा दुसरा तिथेच पडतो.

काय बोलायचं आणि काय नाही

याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण माझ्या मते निम्मी भांडणं इथे सुरू होतात. मालकाच्या मनात भीती असते की "सॉरी" म्हटलं म्हणजे आपण गुन्हा कबूल केला, म्हणून माणूस एकदम कोरडा होतो, दोन पावलं मागे सरकतो आणि "तुम्हीच घाईत होता" असं काहीतरी बोलतो. असं करू नका. काळजी दाखवणं वेगळं आणि चूक मान्य करणं वेगळं. "फार लागलं का, बसा, मी दवाखान्यात नेतो, घरी कोणाला फोन करू" यात कसलीही कबुली नाही. "आमचीच फरशी खराब आहे, तीन जण पडलेत आधी, सगळा खर्च माझा" ही मात्र कबुली आहे, आणि ती पण अशा वेळी दिलेली की तुम्हाला स्वतःलाच अजून नक्की काय झालं ते माहीत नाही. उलट बाजूने गिऱ्हाईकाला दोष देणं, चपलेकडे बोट दाखवणं, "बोर्ड लावलाय ना तिथे" म्हणणं, हे तर कायद्याच्या दृष्टीने पण उपयोगाचं नाही आणि माणुसकीच्या तर नाहीच.

पैशांबद्दल त्या क्षणी एवढंच बोला की आत्ताचा दवाखान्याचा खर्च मी बघतो, बाकीचं निवांत बोलू. आणि दुकानातल्या प्रत्येक माणसाला, गल्ल्यावरच्या पोरापासून डिलिव्हरीवाल्यापर्यंत, हे आधीच सांगून ठेवा, कारण पडताना मालक समोर असेलच असं नाही. आमच्याकडे नव्या माणसाला कामावर घेतला की तराजूच्या आधी हे सांगतो.

संध्याकाळी एक फोन, दुसऱ्या दिवशी शक्य असेल तर घरी जाऊन भेट. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल. आपल्याकडे पडलेल्या माणसाची विचारपूस करायला कोणी आलं नाही ही गोष्ट लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

त्याच दिवशी लिहून ठेवा

दवाखान्यातून परत आलात की दुकान बंद करायच्या आधी हे काम करायचं, उद्यावर टाकायचं नाही, कारण चार दिवसांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं. एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, नेमकी जागा, बाहेर पाऊस होता का, फरशी शेवटची कधी पुसली होती आणि कोणी, तिथे काय सांडलेलं होतं, दिवे चालू होते का, पायात काय होतं, गिऱ्हाईक स्वतः काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत, कुठे नेलं, कोण बरोबर होतं. ज्यांनी पाहिलं त्यांची नावं आणि फोन नंबर. जागेचे फोटो पुसायच्या आधी काढलेले असतील तर उत्तम, एक जवळून आणि एक लांबून, सावधान बोर्ड असेल तर तो फ्रेममध्ये येईल असा. वहीत "गिऱ्हाईकाची चूक" किंवा "आपली चूक" असा निकाल लिहू नका, जे दिसलं तेवढंच लिहा.

सीसीटीव्हीचं लगेच बघा. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन, त्याची हार्डडिस्क भरली की जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं, बऱ्याच दुकानांत ते पंधरा-वीस दिवसांतच होतं, आणि वकिलाची नोटीस येते महिन्याने. त्यामुळे घटनेच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंतचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आधीचा अर्धा तास महत्त्वाचा, कारण पाणी किती वेळ सांडलेलं होतं आणि तुमच्या माणसाने ते पाहिलं होतं का हे त्यातूनच कळतं. कोर्टात असं फुटेज द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं, पूर्वी हेच ६५-ब होतं, ते वकील करून देतील, फक्त डीव्हीआर फॉरमॅट करू नका. फुटेज तुमच्या विरोधात जातंय असं वाटलं तरी डिलीट करू नका, पुरावा लपवला असं दिसलं तर तो तुमच्या विरोधातच होता असं कोर्ट धरू शकतं. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर कधीच टाकू नका, एखादी बाई पडतानाचा व्हिडिओ गावभर फिरला तर ते भांडण मग पैशांनी मिटत नाही.

जबाबदारी नेमकी कधी येते

इंग्लंडमध्ये जागेच्या ताबेदाराच्या जबाबदारीचा स्वतंत्र कायदा १९५७ पासून आहे. आपल्याकडे तसा एक कायदा नाही, आपली कोर्टं निष्काळजीपणाच्या साध्या तत्त्वावर चालतात, ज्याला टॉर्ट म्हणतात. माझ्या भाषेत सांगायचं तर तीन प्रश्न. धोका आहे हे तुम्हाला माहीत होतं का, किंवा थोडं लक्ष दिलं असतं तर कळलं असतं का? तो दूर करायला एखाद्या शहाण्या दुकानदाराने जे केलं असतं ते तुम्ही केलं का? आणि त्या धोक्यामुळेच लागलं का?

एखाद्या गिऱ्हाईकाच्या हातून आत्ता तेलाची पिशवी फुटली आणि अर्ध्या मिनिटात दुसरं कोणी घसरलं तर मालकाला पुसायला वेळच मिळालेला नाही. तेच तेल पाऊण तास तिथे आहे, तुमची माणसं त्यावरून ये-जा करतायत, तर सुटका अवघड. माझ्या बाबतीत पावसाचं पाणी होतं, आणि जुलैत दाराशी पाणी येणार हे सांगायला हवामान खातं लागत नाही, पायपुसणं होतं ते सकाळपासून चिंब झालेलं होतं आणि बदललं नव्हतं. म्हणजे आमची चूक होतीच, ती मी नंतर मान्य केली आणि तसंच करायला हवं होतं.

गिऱ्हाईकाचा पण निष्काळजीपणा असेल, फोनवर बघत चालत होतं, "आत जाऊ नका" असं लिहिलेल्या भटारखान्यात घुसलं, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, पण आपोआप शून्य होत नाही. लहान मुलांकडून मोठ्यांइतकी समज धरली जात नाही हे लक्षात ठेवा. तुमच्या नोकराने कामावर असताना केलेली चूक ही तुमचीच चूक. साफसफाई एजन्सीकडे दिली असेल तरी गिऱ्हाईक तुमच्याकडेच येणार, तुम्ही मग एजन्सीकडून वसूल करा, त्यासाठी त्यांच्याबरोबरच्या करारात तशी ओळ पाहिजे. भाड्याच्या गाळ्यात दुकान असेल तर आतल्या फरशीची जबाबदारी सहसा तुमची, छत, जिना, कॉमन पॅसेजची मालकाची किंवा सोसायटीची, पण लीव्ह अँड लायसन्स करारात काय लिहिलंय ते काढून वाचा, आमच्या करारात सगळी दुरुस्ती आमच्यावर टाकलेली होती आणि सही करताना आम्ही ते वाचलंच नव्हतं. जिन्याची फुटलेली पायरी दिसली की मालकाला तोंडी नाही, मेसेजने किंवा पत्राने कळवा.

आता बोर्डाचं. "दुखापत झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही" अशी पाटी जिम आणि वॉटर पार्कपासून हॉटेलच्या पार्किंगपर्यंत सगळीकडे असते आणि मालकांना वाटतं की ती ढाल आहे. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात सांगितलं की गाडी हॉटेलच्या ताब्यात दिल्यावर नुसतं "गाडीमालकाच्या जोखमीवर" असं छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. तो खटला चोरीला गेलेल्या गाडीचा होता, पण माणसाच्या हाडाबाबत कोर्ट याहून ढिलं वागेल अशी आशा कोणी धरू नये. "फरशी ओली आहे" हा बोर्ड मात्र वेगळा, तो खरोखर सावध करतो, त्यामुळे तो उपयोगाचा, फक्त फरशी पुसायच्या ऐवजी नाही, पुसेपर्यंत.

अंगावर काही पडलं, छज्जाचा तुकडा, नावाची पाटी, एसीचं युनिट, तर कोर्ट आणखी कडक. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला त्या खटल्यात १९६६ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की रस्त्यालगतच्या इमारतीचा दोष मालकाला दिसत नव्हता ही सबब चालत नाही, ती धोकादायक होऊ न देणं हेच त्याचं काम. घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग पडून १७ माणसं गेली, आपली पाटी तेवढी मोठी नसते, पण तिचे नटबोल्ट पण गंजतातच.

गिऱ्हाईक कुठे कुठे जाऊ शकतं

ग्राहक आयोग हा सगळ्यात सोपा रस्ता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० पासून लागू आहे, तक्रार घटनेपासून २ वर्षांत करता येते, ऑनलाइन करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि गिऱ्हाईक जिथे राहतं किंवा काम करतं त्या जिल्ह्यात पण दाखल करता येते. कुठल्या आयोगाकडे जायचं ते गिऱ्हाईकाने दिलेल्या पैशांवरून ठरतं, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, म्हणजे पाव किलो चिवडा घेणाऱ्याला फुकट. आधी १९१५ या हेल्पलाइनवर पण तक्रार होते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. मात्र या कायद्यात "ग्राहक" म्हणजे ज्याने पैसे देऊन वस्तू किंवा सेवा घेतली तो, त्यामुळे नुसता बघायला आत आलेला माणूस पडला तर आयोगाचा रस्ता त्याला अवघड जातो, पण दिवाणी कोर्ट आहेच, तिथे कोर्ट फी आणि वेळ दोन्ही लागतात.

आयोगाची नोटीस आली तर ३० दिवसांत उत्तर, फार तर आणखी १५ दिवस मिळतात, एकूण ४५. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय की यापुढे एक दिवस पण नाही. हे ४५ दिवस "बघू" म्हणण्यात घालवू नका, तुमची बाजू न ऐकताच निकाल लागू शकतो, आणि आयोगाचा आदेश पाळला नाही तर महिनाभर ते ३ वर्षं कैद किंवा किमान २५ हजार दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतं.

पोलीस. हे लोकांना माहीतच नसतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये निष्काळजीपणाने कोणाला साधी दुखापत झाली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, गंभीर दुखापत असेल तर ३ वर्षांपर्यंत किंवा १० हजारांपर्यंत दंड, दोन्हीही होऊ शकतं. आणि गंभीर म्हणजे काय, तर हाड किंवा दात मोडणं, निखळणं यात येतं, आणि १५ दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं न करता येणं पण. म्हणजे आपण ज्याला "फक्त मनगट" म्हणतो ते कायद्यात गंभीर आहे. गुन्हा जामीनपात्र आहे, घाबरून जायचं कारण नाही, पण दवाखान्याने एमएलसी केली, म्हणजे पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंद केली, आणि चौकीवरून फोन आला तर जा, जे झालं ते सांगा, आणि जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. दवाखान्यात "घरी पडल्या असं सांगा" असली विनंती गिऱ्हाईकाला कधीही करू नका. मी असं करणारे बघितलेत, खोटं एकदा केसपेपरवर आलं की दोघंही अडकतात.

हॉटेल, बेकरी, मिठाईवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट, खाण्यातून काच, तार, खिळा जाऊन लागलं तर अन्न सुरक्षा कायदा २००६ चं कलम ६५ आहे, त्यात गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत आणि बाकी इजेला १ लाखापर्यंत भरपाई देता येते, आणि परवाना जाऊ शकतो तो वेगळाच.

इन्शुरन्स, आणि तो कागद एकदा वाचणं

दुकानाचा विमा आहे म्हणजे हे पण त्यात आहे असं आम्ही धरून चाललो होतो. नव्हतं. आगीचा विमा हा मालमत्तेचा असतो, २०२१ पासून छोट्या धंद्यांना मिळणारी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी पण मालमत्तेचीच. गिऱ्हाईकाला लागलं तर त्यासाठी पब्लिक लायबिलिटीचं कव्हर लागतं, ते शॉपकीपर्स पॅकेज पॉलिसीमध्ये वेगळा सेक्शन म्हणून घेता येतं, पण तो सेक्शन निवडलाय का ते शेड्यूलमध्ये बघावं लागतं. त्यात दोन आकडे असतात, एका अपघाताला किती आणि वर्षाला एकूण किती. नोकराला लागलं तर ते यात येत नाही, त्यासाठी कर्मचारी भरपाईचा वेगळा विमा किंवा ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा. आणि १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा हा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, नाव सारखं म्हणून एजंटचा पण गोंधळ होतो.

एक अट जवळपास प्रत्येक अशा पॉलिसीत असते, घटना लगेच कळवा आणि आमच्या लेखी परवानगीशिवाय जबाबदारी मान्य करू नका, रक्कम कबूल करू नका. म्हणून प्रथमोपचार आणि पहिल्या दवाखान्याचा खर्च माणुसकी म्हणून करा, पण मोठा आकडा तोंडातून काढायच्या आधी कंपनीला ईमेल गेलेला असला पाहिजे, फोन पुरत नाही.

पैसे देऊन मिटवायचं असेल तर

किरकोळ दुखापतीत कोर्टापेक्षा समोरासमोर बसून मिटवणं दोघांच्या फायद्याचं, माझं हे पक्कं मत आहे. पण घाई करू नका. प्लास्टर घातलेल्या माणसाकडून त्याच दिवशी "माझी काही तक्रार नाही" असं लिहून घेणं हे वाईट आहे आणि टिकत पण नाही, वेदनेत, दडपणाखाली घेतलेली सही पुढे मोडून काढता येते. प्लास्टर निघू दे, डॉक्टर म्हणू दे की आता ठीक आहे, फिजिओथेरपी किती दिवस लागणार ते कळू दे, मग बसा.

हिशोब करताना नुसती औषधांची बिलं धरू नका. दवाखान्याला जायची-यायची रिक्षा, बुडालेला रोज, घरकामाला लावलेली बाई, पुढचा उपचार, आणि झालेला त्रास. काकूंच्या बाबतीत त्या घरी शिवणकाम करायच्या आणि दीड महिना मशीन बंद होतं, हे आम्ही पहिल्या हिशोबात धरलंच नव्हतं, मुलाने सांगितल्यावर धरलं. पैसे रोख देऊ नका, चेक किंवा यूपीआयने द्या, शक्य तिथे थेट दवाखान्याला, आणि पावत्यांच्या झेरॉक्स ठेवा. बोलणी लेखी चालली असतील तर पत्राच्या वर "हक्क अबाधित ठेवून" असं वकिलाकडून लिहून घ्या, म्हणजे तडजोडीची भाषा पुढे कबुली म्हणून वापरली जायची भीती कमी होते. शेवटी दोन साक्षीदारांसह साधा तडजोडनामा, त्यात तारीख, काय झालं ते दोन ओळीत, किती रक्कम कशी दिली, आणि ही रक्कम पूर्ण व अंतिम म्हणून स्वीकारली असं वाक्य. कागद त्यांच्या भाषेत असू दे, वाचून दाखवा, एक प्रत त्यांना द्या.

जखमी लहान मूल असेल तर जास्त जपून, आईबापांनी केलेली तडजोड मुलावर पक्की बांधील राहतेच असं नाही, आणि मुदतीच्या कायद्यात अज्ञानाला, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाला, सज्ञान झाल्यावर दावा करायची सवलत आहे, म्हणून ते कागद दोन वर्षांनी रद्दीत घालू नका.

वकिलाची नोटीस आली म्हणजे केस झाली असं नाही. ती पंधरा दिवसांची वगैरे मुदत देते, त्या आत उत्तर द्या, स्वतः रागाने लिहू नका, आणि नोटिशीची प्रत त्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीला पाठवा. खोटा किंवा फुगवलेला दावा पण येतो, नाही असं नाही, तेव्हा तीच वही आणि तेच फुटेज कामाला येतं.

पावसाळ्याआधी दुकानातून एक फेरी

मे संपताना गिऱ्हाईक बनून स्वतःच्या दुकानात शिरा, हातात छत्री आणि दोन पिशव्या घेऊन. दाराशी दोन पायपुसणी, एक चिंब झालं की दुसरं, आणि कडा वर वळलेलं पायपुसणं फेकून द्या, त्यात पाय अडकून माणसं पडतात. छत्र्या ठेवायला बादली बाहेर. गुळगुळीत फरशीवर पहिल्या पाच-सहा फुटांत अँटी-स्किड पट्ट्या किंवा रबरी मॅट. काचेच्या दाराला डोळ्याच्या उंचीवर रंगीत पट्टी, मोठ्यांच्या आणि मुलांच्याही. प्लास्टिकच्या खुर्च्या उलट्या करून पायांच्या मुळाशी तडे बघा. फरशीवरून जाणारी एक्स्टेन्शन वायर भिंतीवर घ्या. फ्रीज, वॉटर कूलर, फ्लेक्सची लाइट, यांचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, पावसात कूलरच्या नळाला हात लावून झटका बसणं हे मुळीच किरकोळ नाही. प्रथमोपचाराची पेटी गल्ल्याजवळ, तिच्यातल्या वस्तूंच्या तारखा वर्षातून दोनदा बघा. फरशी पुसल्याची वेळ आणि सही असा एक कागद भिंतीला, तो नियमाने भरला जात असेल तर तुम्ही काळजी घेत होता याचा तोच पुरावा.

पायऱ्यांना कठडा लावायचं काकूंनीच सुचवलं, तडजोडीच्या बैठकीत. स्टीलचा पाइप, साधारण तीन फूट उंचीचा. फॅब्रिकेटरने तो पायरीच्या कडेलाच संपवला होता, तो मी परत पुढे वाढवून घेतला, खालच्या पायरीच्या फूटभर अलीकडून सुरू होईल असा, कारण म्हातारं माणूस पाय उचलायच्या आधी हाताने आधार शोधतं.